डिस्क आणा, पण एकटी आणू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'माळ्यावर तीस वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क सापडलीय, त्यातलं काही निघेल का?' हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या हातात नुसती डिस्क असते. बाकीचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिलेला असतो, आणि वर 'महत्त्वाचं तेवढं काढून ठेवलं' हे कौतुकानं सांगितलं जातं. मी हे काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका गाळ्यात शिकले, तेव्हा हीच यंत्रं नवी म्हणून विकली जात होती. त्यामुळे चिडता येत नाही; आम्हीच लोकांना सांगायचो की सगळं त्या डिस्कवर असतं.

तर उत्तर: पुष्कळदा निघतं. चुंबकीय थर आपल्याला वाटतो त्यापेक्षा चिवट असतो. डिस्का मरतात त्या बहुतेक 'बघू या चालतेय का' म्हणून वीज दिल्यावर. वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, आतल्या गोल तबकडीला चिकटलेलं असतं. नव्वदीतल्या काही डिस्कांमध्ये हेडच्या आर्मला अडवणारं रबर वितळून डांबरासारखं झालेलं असतं, आर्म त्यात रुतून बसतो. अशी डिस्क चार वेळा चालू-बंद केलीत की माझ्याकडे यायचं कारणच उरत नाही. आणि बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा तो उपाय कृपा करून विसरा. मुंबईच्या हवेत फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या वस्तूला किती पाणी सुटतं, हे आइस्क्रीमचा डबा टेबलावर ठेवलेल्या कुणालाही माहीत आहे.

पाण्यावरून आठवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक दिवस आमच्याकडे चिखलातल्या डिस्का येत होत्या. नेहमीची हार्ड डिस्क हवाबंद असते हा गैरसमज आहे. तिला हवेचा दाब सारखा राखायला बारीकसं भोक असतं, तिथून पाणी आत जातं. लोकांनी त्या उन्हात वाळवून, हेअर ड्रायरनं तापवून आणल्या होत्या. गाळ तबकडीवर खरवडून निघणार नाही असा बसलेला. ओल्या असतानाच पिशवीत बंद करून आणल्या असत्या तर निदान धुता आल्या असत्या.

आता एकटी का नको, ते एका डिस्कवरून सांगते.

दोनेक वर्षांपूर्वी लालबागहून एक काका आले. जुन्या पंच्यात गुंडाळलेली सीगेटची एसटी-२२५, सव्वापाच इंची, विटेसारखी जड. त्यांचे थोरले भाऊ मंडळाच्या एकांकिका लिहायचे आणि एका ओळखीच्या ऑफिसात संध्याकाळी बसून टाइप करायचे. भाऊ गेले, वह्या पावसात गेल्या, राहिली ती ही. '२० एमबीची होती ताई, तेव्हा केवढी वाटायची!' आज मोबाइलमधल्या पाच-सहा फोटोंत ती भरेल.

ही डिस्क तुमच्या यूएसबी अडॅप्टरला लागत नाही. हिला केबलच्या दोन पट्ट्या लागतात, एक ३४ पिनांची, एक २० पिनांची, आणि त्या जातात वेगळ्या कंट्रोलर कार्डाला. तबकडीवर खुणा कशा पाडायच्या हे ते कार्ड ठरवायचं, आणि प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी निराळी. म्हणजे एका कार्डानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही. ते कार्ड गेलं भंगारात. आता बीगलबोन नावाच्या छोट्या बोर्डावर चालणारा एक रीडर मिळतो; तो हेडखालून जाणारे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो आणि लिखाणाची पद्धत नंतर ओळखू देतो. तो नसता तर मी काकांना चहा पाजून परत पाठवलं असतं.

डिस्क आधी हातात धरून मनगटानं गोल दिशेनं दोन हलके हिसके दिले, चिकटलेलं हेड सुटावं म्हणून. ती कॉम्प्युटरच्या आडव्या डब्यात बसवलेली असायची, काकांना हे आठवत होतं, म्हणून आडवीच ठेवली. फिरली. पण पहिल्या वाचनात बाहेरच्या बाजूचे ट्रॅक, म्हणजे तबकडीवरच्या गोल रांगा, ठीक आणि आतल्या बाजूला नुसत्या चुका. या जातीच्या डिस्कमध्ये हेड स्टेपर मोटरवर पावलं मोजत जातं. आपण ट्रॅकच्या मधोमध आहोत की नाही हे तपासायची सोय तिला नसते. धातू थंडीनं आकसतो, उष्णतेनं पसरतो, आणि हेड केसभर बाजूला पडतं. लिहिताना डिस्क जेवढी तापलेली होती तेवढीच वाचतानाही तापलेली बरी. मी एसी बंद केला, खिडकी लावून घेतली, मे महिना होता. अर्धा तास डिस्क नुसती फिरत ठेवली आणि आम्ही दोघं घाम पुसत बसलो. मग परत वाचायला लावली. हेड थांबायच्या ६१५ जागा, म्हणजे सिलिंडर, आणि ४ हेड, म्हणजे २४६० ट्रॅक. प्रत्येकात ५१२ बाइटचे १७ तुकडे, म्हणजे सेक्टर. चुका झरझर कमी झाल्या. तिसऱ्या वाचनानंतर मोजून ११ सेक्टर अडून बसले. तिथे थांबले. ११ साठी डिस्क घासत बसायची नसते.

ही झाली इमेज, म्हणजे सबंध डिस्कची एका फाइलीतली नक्कल. तिच्या लगेच तीन प्रती, प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे प्रत बदलली नाही हे पडताळायचा आकडा, आणि मूळ इमेजला हात नाही. जे काही उघडून बघायचं ते प्रतीवर.

इथे लोकांना वाटतं काम झालं. मराठीचं काम इथे सुरू होतं. काकांचं नशीब की भाऊ जिस्ट कार्डावर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये भारतीय लिप्या आणणाऱ्या कार्डावर, टाइप करायचे. त्या फाइली इस्कीत असतात, भारतीय मानक ब्युरोनं १९९१ साली पक्क्या केलेल्या संकेतात. 'क' म्हणजे १७९, ठरलेलं आहे. छोटा प्रोग्राम लिहिला की युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या संकेतात, येतं. पण पेजमेकरसारख्या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये छपाईसाठी डीटीपी केलेलं घेऊन आलात तर आपली गाठ फॉन्टशी असते. तिथे अक्षर जसं दिसतं तसं साठवलेलं: 'किती' मधली पहिली वेलांटी 'क' च्या आधी, 'कर्म' मधला रफार 'म' च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. नेमका तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, कुठला तुकडा म्हणजे काय हे सांगणारं कुणी नाही. म्हणून म्हणते, फॉन्टच्या फ्लॉपी असतील तर आणा, कार्ड असेल तर आणा, कॉम्प्युटरच्या डब्यावरचं स्टिकरसुद्धा आणा. आणि त्या मजकुराचं एखादं छापील पान, अगदी फाटकं असलं तरी. समोर पान असेल तर त्याच्यावरून फॉन्टची बाराखडी उलगडता येते. मी एकदा लग्नाच्या नुसत्या निमंत्रणपत्रिकेवरून उलगडलेली आहे.

काकांच्या सात एकांकिका निघाल्या. त्या ११ सेक्टरांपैकी दहा रिकाम्या जागेत होते. अकरावा नेमका एका एकांकिकेच्या शेवटच्या प्रवेशात. गिरणीच्या गेटवर बाप आणि मुलगा, आणि मधल्या सात-आठ ओळी गायब. मी तिथे चौकोनी कंस टाकून कागद काकांच्या पुढे केला. ते वाचत आले, कंसापाशी थांबले, आणि चष्मा न काढता पुढचं बोलायला लागले. बापाचं, मुलाचं, दोन्ही आवाजांत. मला तोवर माहीतच नव्हतं की ते मंडळाचे प्रॉम्प्टर होते, प्रत्येक प्रयोगाला वही घेऊन विंगेत उभे.

मी ते वेगळ्या फाइलीत उतरवून घेतलं. मूळ फाइलीत कंस तसाच ठेवला, कारण डिस्कवर काय होतं आणि काकांना काय आठवतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना ते फारसं पटलं नाही. दोन दिवसांनी फोन आला. 'ताई, मुलगा शेवटी 'निघतो' म्हणत नाही. 'जातो' म्हणतो. भाऊनं तालमीत बदललं होतं.'

त्यांच्या फाइलीत बदललं.