जिभेवरचा चट्टा आणि 'फक्त एक लेटर'

किडनी ट्रान्सप्लांटला पाच वर्षं झाली माझ्या, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टिरॉइड, चालू. तोंड अधूनमधून यायचंच, त्यामुळे जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा दिसला तर मी आठवडाभर तूप लावत बसलो. मग ओल्या फडक्याने पुसून पाहिला. बुरशीचा साधा थर बहुतेक वेळा पुसला जातो, हा ढिम्म. दोन आठवडे झाले तसं डेंटल कॉलेज गाठलं, मॅडमनी टॉर्च मारला आणि म्हणाल्या बायोप्सी करू, या औषधांवर वर्षानुवर्षं असलेल्यांना तोंडाच्या, ओठाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, अंदाजावर नको. "फक्त नेफ्रोचं लेटर आणा." म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं, बायोप्सीला हरकत नाही असं.

हे 'फक्त' अठरा दिवस चाललं!

नेफ्रोची ओपीडी मंगळवारीच. पहिल्या मंगळवारी खिडकीवरूनच, "दातांचं इकडे नाही." अहो दात नाही, जीभ! दुसऱ्या मंगळवारी अडीच तास बसल्यावर शिकाऊ डॉक्टर म्हणे, काय करणार, किती कापणार, भूल कसली ते लिहून आणा, मग सही. डेंटलला पळालो, तर तिथला माणूस म्हणतो आधी फिटनेसचं, म्हणजे तेच लेटर आणा, मग लिहू. रात्री आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहायचो, चट्टा वाढलाय असंच वाटायचं. शेवटी मॅडमच्या टेबलासमोरून हललोच नाही, तेव्हा त्यांनी केस पेपरवर तीन ओळी लिहिल्या: जागेवरची भूल, पाच मिलिमीटरचा तुकडा, दोन टाके. तिसऱ्या मंगळवारी मोठ्या सरांनी तो कागद दारातच, उभ्या उभ्या भिंतीला टेकवून सही केला. वीस सेकंद. तर लेटर मागितलं की आधी काय करणार ते लिहूनच घ्या, त्याशिवाय खुर्ची सोडू नका.

बायोप्सीचं काही नाही, इंजेक्शन तेवढं झोंबतं. रिपोर्टमध्ये बुरशीच निघाली, आत रुजलेली, कॅन्सरचं काही नाही. घरी येईपर्यंत रिक्षात चारदा वाचला.

हो, एक राहिलं. मेडिकलवाल्याने सुरुवातीलाच फ्लुकोनॅझोल, बुरशीवरची गोळी, पुढे केली होती, मी घेतली नाही, याचा मला अजून अभिमान आहे. त्या गोळीने रक्तातली टॅक्रोची (टॅक्रोलिमसची) लेव्हल चढते आणि किडनीलाच फटका बसू शकतो. शेवटी दिली तीच गोळी, पण सरांनी टॅक्रो कमी करून आणि चार दिवसांनी लेव्हलची रक्ततपासणी करायला सांगून. लेव्हलचं रक्त सकाळच्या टॅक्रोआधी द्यायचं असतं, गोळी खिशात ठेवून जा, मी एकदा गिळून गेलो होतो आणि तसाच परत आलो.