तारीख मोबाईलवर, आबा यष्टीत

आज आबांना घेऊन साताऱ्याला कोर्टात गेलो. वाटपाचा जुना दावा. खरं तर काल रात्रीच ई-कोर्ट्स ॲपवर दाव्याचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून सगळं बघितलं होतं: तारीख, कोर्ट, मागच्या आदेशाची पीडीएफसुद्धा. तरी आबा पहाटेच टोपी घालून तयार! "मोबाईलवरची तारीख खरी कशावरनं?"

पूर्वी नुसती तारीख विचारायला कोरेगावहून यष्टीनं यायचं, वकिलाच्या कारकुनाला चहा पाजायचा. अर्धा दिवस गेला. तो हेलपाटा वाचला, हे मान्य करायलाच हवं. कोर्टांचं काम ऑनलाइन आणणाऱ्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर केलेत, म्हणजे अजून बरंच ऑनलाइन होणार.

पण आज काय झालं? समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. पाच मिनिटांत बाहेर. यावर अजून ॲप निघालेलं नाही.

येताना १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढून दाखवला. आबांनी कागद उलटासुलटा केला. "शिक्का कुठाय?" क्यूआर कोड दाखवला, पटलं नाही.

नवी तारीख संध्याकाळी ॲपवर आली. आबांनी ती कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवलीय.