आज्यावर गेलेला नेचा

आमच्या मळ्यातली विहीर आज्यानं बांधलेली. मोट गेली, थारोळं बुजलं, मोटार आली. पायऱ्यांच्या सांदीतला हंसराज नावाचा नेचा तेवढा जागचा हलला नाही. काळ्याभोर, केसासारख्या दांड्या आणि हवेनं थरथरणारी पानं. मे महिन्यात विहिरीला तळ दिसतो तेव्हा हा वाळून तांबूस होतो. मृग बरसला की पुन्हा हजर.

याला ना फूल, ना बी. पान उलटं केलं की कडा आत मुडपलेली दिसते आणि तिच्याखाली तपकिरी भुकटी. ती बीजुकं. त्यांच्या इवल्या डब्या वाळल्या की गोफणीसारख्या झटक्यानं बीजुकं भिरकावतात. इथवर शाळेतलं आठवत होतं. पुढचं परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो.

बीजुकातून नेचा उगवतच नाही. उगवतो एक हिरवा पापुद्रा, बदामाच्या आकाराचा (पत्त्यातल्या, खायच्या नव्हे). करंगळीच्या नखाएवढाही नाही. मधला भाग सोडला तर जाडी एका पेशीची. पुस्तकातलं नाव गंतुकधारी. स्वतःचं अन्न स्वतः करतो, कुणाच्या आधारानं राहत नाही. नर-मादी अवयव त्याच्या खालच्या अंगाला. लग्नाला पाण्याचा एक पातळ थर हवाच, कारण नरपेशी पोहत जाते. मग त्या पापुद्र्याच्या पोटी नेचा जन्मतो आणि पापुद्रा सुकून जातो. आमच्याकडची लग्नं उन्हाळ्यात, टँकरच्या पाण्यावर. याचा मुहूर्त पावसातच. तशी पानाचं टोक दगडाला टेकवून तिथंच नवं रोप धरायची पळवाटही हंसराजाकडं आहे.

ही पळवाट सोडली तर लेकरू आईबापासारखं कधीच दिसत नाही, दर वेळी आज्यावर जातं. (माझं नाक आज्याचं आहे, असं आत्या म्हणते. पण ती एकदाची गोष्ट.) बिया नसलेल्यांपासून सूचिपर्णी झाडांपर्यंत पिढ्यांची ही पाळी सारखीच चालते, हे १८५१ साली दाखवून दिलं विल्हेल्म होफमाइस्टर यांनी. घरचा धंदा पुस्तकांचा आणि संगीत-प्रकाशनाचा. वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेले.

ओल्या भिंतीवरच्या मखमली हरितांत (इंग्रजीत मॉस) हीच पापुद्र्याची पिढी घरची कर्ती. नेच्यात ती लहान झाली, पण वेगळी चूल राखून आहे. ज्वारीत तर ती पार आत गेली. रब्बीची ज्वारी कोरड्या थंडीत निसवते, तेव्हा वाऱ्यावर उडणारा एकेक परागकण म्हणजे तोच पापुद्रा, तीन पेशींवर आलेला. तिच्या नराला पोहावं लागत नाही. परागातून नळी फुटते आणि त्याला पोचवते. पाण्याचा थर नको झाला, म्हणून तर आमच्या कोरड्या रानात कणसं भरतात.

यंदा श्रावणात धाकटा भाऊ खुरपं घेऊन पायऱ्या खरवडायला निघाला. दरवर्षी मीही खरवडायचो.

‘तिसरी पायरी सोड.’

‘काहून?’

‘हंसराजाचे आईबाप आहेत तिथं.’

तो वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला. ‘शेवाळ हाय की हे, दादा,’ म्हणाला, आणि चौथ्या पायरीला लागला.