काचेच्या बाटलीत का नाही?

भांड्यांचं आणि फरशीचं लिक्विड घरगुती पद्धतीनं बनवून विकते, त्यात रिठा घालते म्हटल्यावर एक प्रश्न ठरलेलाच. ‘एवढं नैसर्गिक म्हणता, मग प्लास्टिकचा कॅन कशाला? काचेत का देत नाही?’ प्रदर्शनात विचारतात, फोनवर विचारतात, लिफ्टमध्येसुद्धा. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

काच मलाही आवडते. लोणचं, मध, तूप काचेतच शोभतं. पण भांडी घासणारा हात ओला आणि बुळबुळीत असतो, खाली कडाप्पा असतो, पुढचं सांगायला नको. शिवाय वजन. लिटरची काचेची बाटली रिकामीच अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तेवढीच साध्या पांढऱ्या प्लास्टिकची 50-60 ग्रॅम. काच वितळवायला 1500 अंशांच्या घरातली भट्टी लागते. सोड्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं फिरायच्या, कारण क्रेट होते, अनामत होती, रिकाम्या बाटल्या नेणारी गाडी तशीही परत जायचीच. माझी बाटली कुरियरनं नाशिकला गेली की ती परत येणार नाही. एकदा वापरून टाकायची काच म्हणजे नुसती श्रीमंती.

मी बघते ते एवढंच, की रिकामं झाल्यावर हे कोण उचलणार आणि त्याला त्याचे पैसे मिळणार का. पुण्यात हे कळायला लांब जावं लागत नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून इथं आहे, कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताई रोज दारात येतात. आमच्याकडच्या ताईंना कचरा वेगळा करताना बघा. बाटली हातात घेतात, दाबतात, झाकण उडवतात, बाजूला टाकतात. सगळं दोन सेकंदांत. पांढरा किंवा दुधी फुगा (अशा जाडसर बाटल्या-कॅनच्या प्लास्टिकला भंगारातलं नाव) असेल तर चेहरा खुलतो, त्याला भंगारात भाव आहे. गडद रंगाच्या बाटलीला कमी, कारण त्यातून पुन्हा गडदच माल निघतो. अंगभर चिकटवलेलं चकचकीत लेबल असेल तर ते आधी फाडत बसा. म्हणून माझा कॅन बिनरंगाचा, तळाशी त्रिकोणात 2 आकडा असलेला, म्हणजे एचडीपीई प्लास्टिकचा, आणि लेबल कागदाचं, पाण्यात सुटणारं. दिसायला गरीब दिसतो, मान्य.

‘मग रिफिल पाऊच का नाही?’ हा पुढचा प्रश्न. पाऊचला प्लास्टिक फार कमी लागतं, टेम्पोत माल जास्त बसतो, हे खरंच आहे. पण बहुतेक पाऊच दोन-तीन वेगवेगळे थर चिकटवून केलेले असतात आणि ते थर पुन्हा सुटे करणं कुणाला परवडत नाही. ताई तो उचलून बघतही नाहीत. असा माल जमा झालाच तर बराचसा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो. उत्पादकानं आपलं पॅकिंग परत गोळा करायची जबाबदारी 2022 च्या नियमांनी अधिक पक्की केली, ते बरंच झालं, पण माझ्या गल्लीतला पाऊच अजून गटारातच दिसतो.

बाटलीवरच्या दाबायच्या पंपाचं तर विचारूच नका. एक बिघडलेला पंप मी ओट्यावर खोलून बसले होते. आत धातूची स्प्रिंग, एक छोटी गोळी, लांब नळी आणि दोन-तीन जातींचं प्लास्टिक एकमेकांत घट्ट बसवलेलं. भंगारवाला त्याला हात लावत नाही. पंप एकदाच घ्या आणि तोच वापरत राहा.

मक्यापासून केलेलं, कुजणारं प्लास्टिक म्हणाल, तर ते कुजायला साठेक अंशांचं तापमान लागतं, बाल्कनीतल्या कुंडीत ते तसंच राहतं. शिवाय आतलं लिक्विड अल्कधर्मी, म्हणजे बाटली कपाटातच कमजोर व्हायची. कागदी बाटल्यांना आतून बहुधा प्लास्टिकचं अस्तर असतंच.

खरं तर पॅकिंगपेक्षा जास्त मला टोचतं ते पाणी. भांड्यांच्या लिक्विडमध्ये बहुतांश पाणीच असतं आणि आपण ते गावोगाव वाहून नेतो. फरशीचं लिक्विड मी म्हणूनच दाट देते, घरी पाणी तुम्ही घाला. भांड्यांचंही तसं करायचं मनात आहे, पण पातळ झालं की लगेच ‘या वेळी माल हलका आला’ म्हणून फोन येतो. ज्यांना चालते त्यांनी सरळ कागदात गुंडाळलेली भांड्यांच्या साबणाची वडी घ्यावी, माझा धंदा गेला तरी चालेल. (थोडासाच.)

कॅन पुन्हा भरून न्यायला जरूर या, अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक आता तसंच येतं. मात्र पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत मी काहीही भरून देत नाही. दारावर फिनेल विकणारे सर्रास देतात, पण घरात लहान मूल असेल तर ते पाणी समजून तोंडाला लावतं. यावर वाद घालू नका.

आणि येताना झाकण आणा. कॅन मिळतात, झाकणं सुटी मिळत नाहीत.