अकरा किलोमीटर

मी सातारा-कराड वडाप करतो, म्हणजे खाजगी गाडीत सीटा भरून नेतो. चौदा वर्षं झाली. पहिली गाडी जाऊन दुसरी आली, पण रस्ता तोच: स्टँड, शेंद्रे, बोरगाव, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, मग कराड. ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो 2 मार्च 2022, बुधवार. आदल्या दिवशी महाशिवरात्र झालेली.

एसटीच्या संपाला तेव्हा चार महिने होत आले होते. एरवी आम्ही स्टँडच्या आसपास दिसलो तरी हाकलायचे, आणि नोव्हेंबरात सरकारनंच खाजगी गाड्यांना स्टँडातून सीटा भरायला परवानगी दिली. पैसे मिळत होते, नाही म्हणणार नाही. पण फलाटावर उभ्या माणसांकडं बघवत नव्हतं. सिव्हिलला निघालेल्या म्हाताऱ्या, पासावर कॉलेज करणारी आणि आता रोज रोख पैसे मोजणारी पोरं. गाडी लागली की दारावर झुंबड. दहाच्या जागी तेरा बसवले तरी चार-पाच जण खाली राहायचेच, आणि त्यांच्या तोंडावर दार लावायचं काम माझं. "जागा न्हाई, मागच्या गाडीनं या." मागची गाडी कधी येणार हे मलाही माहीत नसायचं. बारावीची लेखी परीक्षा शुक्रवारी, 4 तारखेला सुरू होणार होती. अतीतची एक मुलगी सोमवारपासून मला रोज विचारत होती, "मामा, शुक्रवारी माझी एक सीट ठेवाल ना? नक्की?"

त्या सकाळी गाडीत एकच विषय. रशिया युक्रेनमध्ये घुसून सातवा दिवस होता. एकजण म्हणाला, रशिया आपला जुना दोस्त, 1971 ला सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूनं उभा राहिला तो हाच. दुसऱ्यानं सांगितलं, युक्रेननं पाकिस्तानला रणगाडे विकलेत, मग आपण त्यांच्यासाठी कशाला रडायचं? उंब्रजचे एक किराणावाले सूर्यफुलाच्या तेलाचं घेऊन बसले होते. आपल्याकडं ते तेल बहुतेक युक्रेनमधनंच येतं, डब्याचा भाव आताच चढायला लागलाय म्हणाले. मला काळजी डिझेलची. दिवाळीपासून पंपावरचा आकडा हलला नव्हता, पण कच्चं तेल 100 डॉलरच्या वर गेलेलं. तेव्हा मीही बोललो, "एकदाचं काय ते ठोकून मोकळं व्हावं रशियानं. लांबलं तर आपलं डिझेल भडकतंय बघा."

हे मी बोललो. म्हणून इथं लिहितोय.

मधल्या सीटवर अपशिंग्याचे एक सुभेदारसाहेब होते, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले. अपशिंगे म्हणजे अपशिंगे मिलिटरी, नागठाण्याजवळचंच. घराघरात फौजी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. साहेब सगळा वेळ गप्प होते. उतरताना मला म्हणाले, "डायवर, आमच्या गावचे शेहेचाळीस गेले ते दुसऱ्याच्या लढाईत गेले. लढाई कुणाची हे त्यांना कुणी सांगितलं पण न्हवतं." एवढंच. मी सुट्टे परत दिले आणि हाळी द्यायला लागलो. तेव्हा ते शब्द कानावरून गेले.

संध्याकाळी साताऱ्याहून शेवटची खेप. पुढच्या सीटवर अण्णा बसले. नागठाण्याजवळ त्यांची आल्याची शेती, माझी जुनी ओळख. त्यांची धाकटी युक्रेनमधल्या खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. इथं सरकारी कॉलेजचा नंबर थोडक्यात हुकला, खाजगीची फी कानावर घेण्याजोगी नव्हती, म्हणून चार एकरांतली एक एकर देऊन तिला तिकडं पाठवलेली. हे मला ठाऊक होतं. सकाळी बोलताना ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचा मी नंतर किती वेळा विचार केलाय. अण्णांची मुलगी आणि टीव्हीवरची लढाई या दोन गोष्टी मी एकत्र बांधल्याच नव्हत्या.

अण्णा दिवसभर साताऱ्यात होते, तिच्या पासपोर्टची झेरॉक्स कुठं कुठं देत. आदल्याच दिवशी कर्नाटकातला, हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला होता. सामान आणायला रांगेत उभा होता म्हणे. त्या बातमीपासून अण्णांनी पोटात काही घातलं नव्हतं, आणि ते शिवरात्रीच्या उपासामुळं नव्हतं.

शेंद्रे यायच्या आत त्यांचा फोन वाजला. व्हॉट्सॲपचा कॉल. आवाज तुटत होता, म्हणून त्यांनी स्पीकर लावला आणि सगळ्या गाडीला ऐकू यायला लागलं. पोरगी धापा टाकत बोलत होती. सकाळपासून स्टेशनवर होते. तीन गाड्या सुटल्या, आम्हाला चढूच दिलं नाही. तिथल्या बायका-लेकरांना आधी घेतात. आता दूतावासाचा निरोप आलाय, खारकीव्ह ताबडतोब सोडा. सहाच्या आत पेसोचिन, बाबाये नाहीतर बेझल्युदिव्का गाठा. गाडी मिळत नसेल तर चालत जा. आम्ही पेसोचिनला निघालोय, अकरा किलोमीटर आहे. बर्फ पडतोय. मागं आवाज येतायत.

अण्णा "व्हय बाळा, व्हय बाळा" एवढंच म्हणत होते.

मी गाडी कडेला घेतली. थांबवायचं ठरवलं नव्हतं, पायानंच ब्रेक दाबला. कारखान्याला ऊस घेऊन चाललेले ट्रॅक्टर शेजारनं जात होते. मला आकडा कळला की रस्ता दिसतो, दुसरं काही दिसत नाही. 11 किलोमीटर म्हणजे सातारा सोडून शेंद्र्याच्या पुढं, बोरगावच्या अलीकडं. बेझल्युदिव्का 16, म्हणजे जवळजवळ नागठाणं. आमच्यापेक्षा तिथं घड्याळ साडेतीन तास मागं. आपले सहा वाजत होते, म्हणजे त्यांचे अडीच. रिकाम्या हातानं, चांगल्या रस्त्यानं अडीच तासांत माणूस जाईल. पाठीवर पिशवी, पायाखाली बर्फ, पोटात काही नाही, आणि वरनं काय पडेल ते सांगता येत नाही. अशी पोरं किती वेळात जातील? चौदा वर्षांत कधी कुणाच्या खेपेचा हिशेब मी एवढा जीव लावून केला नसेल. आणि मी तिला न्यायला जाऊ शकत नव्हतो. गाडी चालू होती, टाकीत डिझेल होतं, चावी हातात होती, आणि उपयोग काहीच नव्हता.

मागनं आवाज आला, "द्या फोन इकडं." सकाळचे सुभेदारसाहेबच. कामं उरकून परत निघाले होते, गर्दीत माझं लक्ष गेलं नव्हतं. अण्णांनी न बोलता फोन दिला.

"बाळ, मी आजोबा बोलतोय, फौजेतला. किती जण हाय तुम्ही? बरं. ऐक. सगळ्यात सावकाश कोण चालतं, त्याला पुढं घाला. त्याच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं. कुणी पुढं पळायचं न्हाई, कुणाला मागं टाकायचं न्हाई. झेंडा हाय का? मग तो वर धरा. पायमोजे दुसरे हायत का? एक जोड अंगाच्या आत ठेव, कोरडा ऱ्हाईल. पिशवीत पुस्तकं असतील तर टाकून दे."

"आजोबा, नोट्स आहेत..."

"टाक. नोट्स परत लिहिता येतात."

मग सगळ्यांचे फोन चालू ठेवू नका, एकाचाच ठेवा, बाकीचे बंद करून अंगाशी ठेवा, थंडीनं बॅटरी बसते, असंही त्यांनी सांगितलं. आवाज जरा चढला नाही. जणू समोर कवायतीला उभं केलंय. फोन तुटला. साहेबांनी तो पुसून अण्णांच्या हातात दिला.

दोन मिनिटं गाडी थांबवली तर बोंबलणारी माझी माणसं. त्या दिवशी बारा-पंधरा मिनिटं झाली तरी कुणी "चला" म्हटलं नाही. सकाळी रणगाड्यांचं सांगणारे परतीला माझ्याच गाडीत होते. ते उतरून चहा घेऊन आले, अण्णांच्या हातात कप दिला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून दाराशी उभे राहिले.

अण्णांना नागठाण्यात सोडलं. कराडची माणसं कराडला पोचवली. तिथनं परतीची सीट मिळत होती, घेतली नाही. रिकामी गाडी घेऊन नागठाण्याला आलो आणि अण्णांच्या ओट्यावर बसलो. वहिनी आत देवापाशी. त्यांचे सहा म्हणजे आपले साडेनऊ. साडेनऊ वाजून गेले. पावणेदहा. दहा. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. दहा वाजून सात मिनिटांनी मेसेज आला. "पोचले. सगळी पोचलो." अण्णांनी तो मला तीन वेळा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किराणावाल्यांनी परत विषय काढला आणि मला विचारलं, काय म्हणतंय तुमचं रशिया? मी सांगितलं, ज्यानं दुसऱ्याच्या घरात रणगाडे घातले तो चुकला, दोस्त असला तरी चुकला. 1971 मी विसरलेलो नाही. पण कालचं माझं बोलणं मी मागं घेतो. लढाई लवकर मिटावी ती डिझेलसाठी नव्हे. दोघा-तिघांना ते पटलं नाही, वाद झाला. होऊ दे. 22 मार्चपासून डिझेल खरंच वाढायला लागलं, तेव्हाही माझं मत तेच होतं.

शुक्रवारी अतीतच्या मुलीची सीट ठेवली. त्यासाठी स्टँडात दोघांशी भांडावं लागलं.

पेसोचिनची पोरं दोन-तीन दिवस तिथंच अडकून होती, मग बसेस मिळाल्या, मग सरहद्द, मग विमान. दिल्लीहून ती पुण्याला उतरली तेव्हा आणायला मीच गेलो. अण्णा आणि वहिनी मागं, ती दोघांच्या मधे. हायवेला लागेपर्यंत झोपली. शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा ट्रकचा टायर फुटला आणि झोपेतच तिनं डोकं गुडघ्यात घातलं, दोन्ही हात मानेवर. वहिनींनी तिला तशीच धरून ठेवलं.

मी खाली उतरलो, लांब गेलो आणि गावात फोन लावला. पोरांनी कमानीपाशी हजाराची माळ आणून ठेवली होती, ते मला आधीच कळलं होतं. "माळ लावू नका. ढोलपण नको. नुसता भाकर-तुकडा ओवाळा."

पोरांनी ऐकलं. आम्ही पोचलो तेव्हा कमानीपाशी चाळीस-पन्नास माणसं उभी होती आणि आवाज कुणाचाच नव्हता. एका म्हातारीनं तुकडा ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं. सुभेदारसाहेब अपशिंग्याहून आले होते, कडेला उभे. तिनं त्यांना ओळखलं नाही, ओळखणार कसं. मीच जाऊन सांगितलं, "ते आजोबा हे." ती त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "नोट्स टाकल्या मी."