मस्टँगसाठी मजबूत अ‍ॅक्सल निवडताना

फोर्डच्या फॉक्स बॉडी मस्टँगचे (१९७९ ते १९९३) ५.० लिटरचे व्ही-८ इंजिन सुधारायला घेतले, की मागचा अ‍ॅक्सल किती हॉर्सपॉवर सहन करील हा प्रश्न हमखास निघतो. माझ्या मते विचाराची सुरुवात टायरपासून व्हायला हवी.

हिशेब सोपा आहे. १९८७ नंतरच्या मूळ इंजिनाचा टॉर्क सुमारे ४०७ न्यूटन-मीटर, टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५ आणि क्राउन-पिनियनचे (अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या व लहान दातेरी चाकांच्या जोडीचे) प्रमाण ३.७३ धरले, तर मागच्या दोन चाकांकडे मिळून जवळपास ५,१०० न्यूटन-मीटर जाऊ शकतात. मात्र मागच्या चाकांवर ९०० किलो भार, ३२ सेंटिमीटर त्रिज्या आणि साध्या टायरचा घर्षणांक १ धरल्यास २,८०० न्यूटन-मीटरच्या आसपासच टायर फिरू लागतो, आणि त्याच्या घसरण्यामुळेच शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा अ‍ॅक्सलमधला दांडा, वाचतो. त्याच गाडीला ड्रॅग स्लिक (शर्यतीचे मऊ, गुळगुळीत टायर) लावले, की घर्षणांक दीडपर्यंत जातो, झेप घेताना वजनही मागे सरकते आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. क्लच झटक्यात सोडला तर फ्लायव्हीलचा धक्का वेगळाच.

व्ही-८ मस्टँगला १९८६ पासून मिळालेला ८.८ इंची (हे माप क्राउन व्हीलच्या व्यासाचे) अ‍ॅक्सल मुळात चांगला आहे. कमकुवत आहेत ते त्याचे २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचांचे) शाफ्ट. शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सुमारे ३०.७ मिलिमीटरवरून ३१ स्प्लाइनच्या ३३.९ मिलिमीटरवर गेले, की तेवढ्यानेच ती एक तृतीयांशाने वाढते. दुखावलेला शाफ्ट तुटण्याआधी सांगतो: तो बाहेर काढून आतल्या टोकाकडे पाहावे, तर सरळ असायला हव्यात त्या स्प्लाइन पीळ पडून तिरक्या झालेल्या दिसतात. असा शाफ्ट पुन्हा बसवू नये.

खरी काळजी सी-क्लिपची. ८.८ मध्ये शाफ्टला जागेवर धरणारी क्लिप डिफरन्शियलच्या (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या मधल्या भागाच्या) आत असते, म्हणून शाफ्ट तुटला की चाक त्याच्यासकट बाहेर येऊ शकते. पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेचे नियम शाफ्ट धरून ठेवणारी वेगळी व्यवस्था सक्तीची करतात, ते याचसाठी. बाजारात मिळणारे सी-क्लिप एलिमिनेटर (क्लिपऐवजी शाफ्ट बाहेरच्या टोकाला धरणारे संच) रस्त्यावर वळणे घेताना ऑइल गाळतात अशी तक्रार असते. शाफ्टला बाहेरच्या बाजूनेच धरणारी, फोर्डच्या ९ इंची अ‍ॅक्सलची मोठ्या बेअरिंगची टोके ८.८ ला वेल्ड करून घेणे मला अधिक पटते. त्याच वेळी ओतीव हाउसिंगमध्ये (अ‍ॅक्सलच्या मधल्या कवचात) दाबून बसवलेल्या, शाफ्ट ज्यांतून जातात त्या नळ्याही वेल्ड करून घ्याव्यात, कारण जोर वाढला की त्या जागेवर फिरू शकतात. ओतीव लोखंड आणि पोलाद यांचा जोड नीट तापवून, जाणकाराकडूनच करून घ्यावा.

१९५७ पासूनचा फोर्डचा ९ इंची अ‍ॅक्सल अर्थातच भक्कम आहे. त्याच्या पिनियनला आतल्या टोकालाही तिसऱ्या बेअरिंगचा आधार असतो, सी-क्लिप नसते आणि संपूर्ण थर्ड मेंबर (गिअर बसवलेला मधला भाग) पुढून काढता येत असल्यामुळे गिअरचे प्रमाण बदलणे सोपे जाते. परंतु त्याचे पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेखाली सुमारे २.२५ इंच बसते, ८.८ चे सुमारे १.५ इंच. त्यामुळे दात एकमेकांवर अधिक घासतात, उष्णता वाढते आणि थोडी शक्ती वाया जाते; वजनही वाढते. फोर्डच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीचा ३१ स्प्लाइनचा अ‍ॅक्सल स्वस्त पडतो, पण तो पाटा स्प्रिंगसाठी केलेला आहे आणि मस्टँगच्या वरच्या कंट्रोल आर्मसाठी (अ‍ॅक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांसाठी) हाउसिंगवर लागणारे कान त्याला नाहीत.

रोज रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर (शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर) जाणाऱ्या गाडीसाठी मी सुधारलेला ८.८ च निवडीन. स्लिकवर सातत्याने धावणारी, वरचेवर प्रमाण बदलणारी गाडी असेल तर ९ इंचीचा खर्च योग्य ठरतो. कोणताही घेतला तरी क्राउन-पिनियन बसवणाऱ्याकडे बॅकलॅशचे (दातांमधल्या मोकळ्या फटीचे) माप मागावे आणि दातांना रंग लावून उमटलेला ठसा कव्हर बंद होण्यापूर्वी स्वतः पाहावा.