चार दरवाज्यांचं पुस्तक

वडोदऱ्यातल्या एका कलाशिक्षणाच्या ग्रंथालयात मी कॅटलॉगिंग करते. माजी विद्यार्थ्यांच्या नव्या पुस्तकांची यादी दरवर्षी माझ्याकडे असते. नाव, प्रकाशक, पानं, आयएसबीएन असे तिचे रकाने. परवा प्रिंटमेकिंगची एक जुनी विद्यार्थिनी पुस्तक घेऊन आली आणि यातला नावाचा रकाना तेवढा भरता आला.

चौकोनी पुठ्ठा उघडला की मध्ये मांडवी, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेला चौकोनी मंडप. तिच्या चार बाजूंना घड्यांच्या चार पट्ट्या: पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. जुनं शहर आहेच तसं, चारही दरवाज्यांचे रस्ते मांडवीपाशी मिळतात. पट्टी उलगडत गेलं की दुकानं, ओटे, कोरीव लाकडी सज्जे येतात आणि खाली एकेक ओळ आपल्या इथल्या मराठीत, जिच्यात गुजराती शब्द मध्येच येऊन बसतात.

सगळं एचिंग. जस्ताच्या पत्र्यावर थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या, मग ॲसिडनं त्या रेघा कोरायच्या. छापताना चित्र उलटं उमटतं, म्हणून प्रत्येक ओळ तिनं पत्र्यावर उजवीकडून डावीकडे, उलट्या अक्षरांत लिहिली होती. आणि देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उलटी काढली की ती दीर्घ दिसते! ‘‘दोन प्लेटा त्यातच गेल्या, ताई,’’ ती म्हणाली. एकूण १२ प्रती. आमच्या प्रतीवर पेन्सिलीनं ४/१२.

यादी तपासणाऱ्यांचं म्हणणं, आयएसबीएन नाही तर धरू नका. मला ते पटत नाही. तो १३ अंकी क्रमांक पुस्तकाच्या खरेदी-विक्रीच्या सोयीसाठी असतो. आपल्याकडे तो फुकट मिळतो, घ्यावा हेही खरं. पण त्यावरून कामाची किंमत कशी ठरणार? याच शहरात १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या दोन चित्रकारांनी ‘वृश्चिक’ हे छोटं मासिक चालवलं. दोघंही इथल्याच फाइन आर्ट्समध्ये शिकलेले. मागे मोठा प्रकाशक नव्हता. आज बडोद्याच्या चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्याला ते बघावंच लागतं. तेव्हा कुणी जपून ठेवलं, म्हणून तर बघता येतं.

मी नोंद केली. प्रकाशक: स्वतः कलावंत. पानं: पृष्ठांक नाहीत, चार घडीच्या पट्ट्या. आयएसबीएन: नाही. शेऱ्यात तंत्र, प्रतींची संख्या आणि आमच्या प्रतीचा क्रमांक. यादीतही ते घातलं आणि वरिष्ठांना कारण लिहून दिलं. त्यांनी सही केली.

‘‘कपाटात कुलुपात नको, ताई. मुलांनी उघडलं पाहिजे,’’ एवढीच तिची अट होती. म्हणून ते संदर्भ विभागात आहे. मागणाऱ्याला हात धुवायला सांगतो आणि खिडकीजवळचं मोठं टेबल पूर्ण रिकामं करून देतो; चारही पट्ट्या पसरायला तेवढी जागा लागतेच.